पेटीवरचं गाव

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी देवगड तालुक्यातल्या एका गावात राहते. आमची आंब्याची चाळीसेक कलमं आहेत. मिस्टर हंगामात बागेत, एरवी टेम्पोवर असतात. मुलगा सात वर्षांचा, गावातल्या जिल्हा परिषद शाळेत दुसरीत आहे. चारही वर्ग मिळून शाळेत मुलं अकरा. तसा तो चुणचुणीत आहे, मे महिन्यात वडिलांबरोबर पेट्या भरताना डझन बरोबर मोजतो. पण गणपतीत जाऊबाई डोंबिवलीहून आल्या. त्यांची मुलगी याच्याच वयाची, ती घडाघडा इंग्रजीत गोष्ट सांगते. तेव्हापासून माझी घालमेल सुरू झाली.

त्यात कणकवलीला एका हॉलमध्ये पालकांसाठी मोफत कार्यक्रम होता. पडद्यावर जपानची मुलं वर्ग झाडताना, फिनलंडची शाळा, पहाटे उठून अभ्यास करणारी चिनी मुलं दाखवली. मग आपली मुलं मोबाईल घेऊन लोळताना. वक्ते म्हणाले, कोकणातली मुलं मागे पडतायत, सातव्या वर्षी मेंदूची खिडकी बंद होते, आज ठरवलं नाहीत तर मूल तुम्हाला माफ करणार नाही. मुलाची दहा मिनिटं चाचणी घेतली आणि लाल रेघांचा तक्ता हातात दिला. कोर्स अडतीस हजारांचा. दोन हजार मी तिथेच भरले, बाकीचे तीन हजारांचे बारा हप्ते.

सासूबाई म्हणतात, "पोरां आपसूक वाढतत. तुझो घोव काय क्लासात वाढलो?" मिस्टर म्हणतात, तुला पटेल ते कर. घरी येताना एसटीत मुलाने विचारलं, "आये, माका कायच येना नाय?" मला झोप नाही, ताई. आई म्हणून मी कमी पडतेय का? पैसे भरू का?

— एक आई, देवगड

उत्तर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एसटीतल्या त्या प्रश्नापाशी अडले. त्याच्याकडे येते. आधी पैशांचं, कारण तिथे दिवस महत्त्वाचे आहेत.

पुढचे पैसे भरू नका. दोन हजारांची पावती, तो लाल तक्ता, मोबाईलवर आलेले त्यांचे सगळे निरोप जपून ठेवा. "आम्हाला हा कोर्स नको, नोंदणी रद्द करा, भरलेली रक्कम परत करा" एवढं तारीख घालून लेखी पाठवा. फोनवर बोलत बसू नका. समोरच्या माणसाला तुमची घालमेल ठाऊक आहे, तो पुन्हा तिथेच बोट ठेवेल. मग आठवून बघा, हॉलमध्ये आधार, पॅन, बँकेचं पासबुक घेतलं होतं का? मोबाईलवर आलेला ओटीपी कुणाला सांगितला होता का? तसं झालं असेल तर ते बारा हप्ते म्हणजे एखाद्या वित्त कंपनीने तुमच्या नावावर काढलेलं कर्ज असू शकतं. मूल कोर्सला गेलं नाही म्हणून असं कर्ज थांबत नाही. बऱ्याच आयांना हे तिसरा हप्ता कापला गेल्यावर कळतं. अशा डिजिटल कर्जात अटींचा गोषवारा ग्राहकाला द्यावा लागतो, आणि सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल नि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. रिझर्व्ह बँकेचा तसा नियम २०२२ पासून आहे. ही मुदत थोडक्या दिवसांची असते, म्हणून चौकशी आजच करा. कर्ज निघालेलं असेल तर नुसता बँकेतला हप्ता अडवू नका, थकबाकी तुमच्या नावावर चढेल. आधी कर्ज रद्द झाल्याचं लेखी घ्या. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. मराठीत बोलता येतं.

आता त्या पडद्यावरच्या देशांबद्दल.

तुम्ही देवगडच्या. कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाने छापलेल्या पेटीत घालून मुंबई-पुण्यात विकला जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. गिऱ्हाइकाला आंबा ओळखता येत नाही, पेटीवरचा शब्द तेवढा ओळखीचा असतो, आणि तो शब्द बघून ते जास्तीचे पैसे मोजतं. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळवावं लागलं त्यामागे हेही कारण होतं. कणकवलीच्या हॉलमध्ये तुमच्यासमोर अशाच पेट्या मांडल्या होत्या. एकीवर जपान, एकीवर फिनलंड, एकीवर चीन.

यातली एक पेटी कशी तयार झाली ते सांगते. जानेवारी २०११ मध्ये अमेरिकेत 'बॅटल हिम ऑफ द टायगर मदर' नावाचं पुस्तक आलं. लेखिका एमी चुआ येल विद्यापीठात कायद्याच्या प्राध्यापक आहेत. आईवडील फिलिपिन्समधल्या चिनी घराण्यांतले, पण बाईंचा जन्म आणि शिक्षण अमेरिकेतलं. मुलींनी मैत्रिणीकडे रात्री राहायचं नाही, टीव्ही नाही, शाळेच्या नाटकात काम नाही, अव्वल श्रेणीच्या खाली गुण नाहीत, आणि पियानो किंवा व्हायोलिनचा तासन्‌तास सराव, असे त्यांच्या घरचे नियम. 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने पुस्तकातला भाग छापला आणि वर मथळा दिला तो 'चिनी आया श्रेष्ठ का असतात' अशा अर्थाचा. मथळा बाईंचा नव्हता, वर्तमानपत्राचा होता. पण तो बरोबर वेळी आला. जेमतेम महिनाभर आधी, डिसेंबर २०१० मध्ये, पंधरा वर्षांच्या मुलांच्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीचा निकाल जाहीर होऊन शांघाय पहिलं आलं होतं. अमेरिका मंदीतून नीट सावरली नव्हती. चीन आपल्या पुढे जाणार, आपली मुलं मऊ पडली, ही धास्ती घराघरात होती. त्या धास्तीवर पुस्तक हातोहात गेलं.

आणि त्याच वर्षी ते चीनमध्ये आलं तेव्हा काय झालं? तिथे त्याचं नाव बदललं. नव्या नावाचा अर्थ साधारण असा: 'अमेरिकेतलं माझं आईपण', आणि खाली येलच्या प्राध्यापिकेचा मुलं वाढवण्याचा अनुभव म्हणून ओळख. चिनी आयांना ते अमेरिकेची युक्ती म्हणून विकलं गेलं! मजकूर तोच, बाई त्याच, मुली त्याच. अमेरिकेत पेटीवर चीन छापलं, चीनमध्ये अमेरिका. ज्या देशातली आई ज्या देशाला घाबरते, त्या देशाचं नाव.

पुस्तकात पुढे काय होतं तेही ऐका, कारण हा भाग स्टेजवर कुणी सांगत नाही. धाकटी मुलगी तेराव्या वर्षी मॉस्कोतल्या एका उपाहारगृहात आईवर उसळते, पेला फोडते, आणि आई माघार घेते. मुलगी व्हायोलिन बाजूला ठेवून टेनिसची रॅकेट उचलते. आपण तेरा वर्षांच्या मुलीपुढे नमलो, असं लेखिकेने स्वतः लिहिलं आहे. ज्या चीनची मुलं तुम्हाला पहाटे उठताना दाखवली, त्या चीनने जुलै २०२१ मध्ये शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर बंदी घातली. मुलांवरचं ओझं आणि घरांवरचा खर्च सोसवेना, हे कारण सरकारनेच दिलं.

फिनलंडचं तर मला फार वाईट वाटलं. वक्ते म्हणाले सातव्या वर्षी मेंदूची खिडकी बंद होते. अहो, फिनलंडमध्ये मूल ज्या वर्षी सात पूर्ण करतं त्या वर्षी ते पहिलीत बसतं! ज्या देशाचं चित्र लावलं त्याच देशाच्या शाळेने त्या वाक्याला खोटं पाडलं आहे. लहानपणी मेंदू झपाट्याने वाढतो हे खरं, त्या वयात बोलणं, खेळणं, पोटभर खाणं मोलाचं असतं हेही खरं. पण वाचन आणि गणित शिकायचं दार सातव्या वाढदिवशी लागत नाही. माझ्या वर्गात आठव्या-नवव्या वर्षी वाचायला लागलेली मुलं आज दुसऱ्यांना शिकवतात.

फिनलंडच्या शाळेत फी नाही, पुस्तकं फुकट, दुपारचं जेवण १९४८ पासून फुकट. शिक्षक पदव्युत्तर शिकलेले. आपण जे चित्र बघून हळहळतो ते सरकारने कराच्या पैशातून चार-पाच दशकं खपून उभं केलं. ते अडतीस हजारांच्या बॅगेत कसं भरणार? जपानची मुलं वर्ग झाडतात, एकटीदुकटी शाळेत चालत जातात, हेही खरं. त्यांच्या वाटेवर चौकाचौकात गावची मोठी माणसं उभी असतात, शाळा घराजवळ असते. आणि तिथेही संध्याकाळी 'जुकु' नावाच्या शिकवण्यांना मुलं जातातच. तो फोटो पडद्यावर आला नाही.

फसवणूक फक्त परदेशाच्या नावाने होते असं समजू नका. 'पाश्चात्त्यांची मुलं बिघडली, आपली प्राचीन पद्धत घ्या' असं म्हणून विकले जाणारे वर्गही मी पाहिलेत. तिथे पेटीवर दुसरा देश नसतो, दुसरा काळ असतो.

तरी तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. अकरा मुलांची शाळा, एका वेळी दोन-दोन वर्ग सांभाळणारे गुरुजी, पोरगा मोठा झाल्यावर त्याला मुंबईच गाठावी लागेल ही धाकधूक, हे सगळं खरं आहे. मी एकोणतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, पटसंख्या ओसरताना याच डोळ्यांनी पाहिली. त्या वक्त्याला ही जखम बरोबर माहीत होती, म्हणून तर तो तिथे आला. 'कोकणातली मुलं मागे' हे वाक्य मात्र त्याला परत करा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचं कोकण विभागीय मंडळ सुरू झाल्यापासून निकालात राज्यात पहिलं येतंय. २०२५ मध्ये दहावीचा निकाल राज्याचा ९४.१० टक्के, कोकणाचा ९८.८२. पास होणं म्हणजे सगळं शिकणं नव्हे, हे मी शिक्षिका म्हणून जाणते. पण मागे पडल्याची ही खूण नक्कीच नाही.

मला एक मुलगी आठवते. साधारण दहा-बारा वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यांत मेंदू जागा करण्याच्या शिबिरांचं पेव फुटलं होतं. मूल डोळ्यांना पट्टी बांधून वाचतं, रंग ओळखतं, तंत्र जपानहून आलेलं, असं सांगायचे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी त्यातली लबाडी जागोजाग उघड केली, पण तोवर पुष्कळ घरांचे हजारो रुपये गेले होते. माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांनी बोटीवरच्या मजुरीतून फी भरली होती. ते तिला घेऊन शाळेत आले, आमच्यासमोर तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, पुस्तक हातात दिलं. तिने मान जराशी वर केली आणि वाचलं. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, नाकाजवळून खाली दिसतं. पप्पांना सांगू नका." नऊ वर्षांची पोर. वडिलांचे पैसे वाया गेले असं त्यांना वाटू नये म्हणून ती रोज खोटं बोलत होती. त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होते, हे मला अजून टोचतं. म्हणून तुमच्या पत्राला मी एवढं लांब उत्तर देतेय.

परदेशातून काही घेऊच नये, असं माझं म्हणणं नाही. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये मजुरांच्या वस्तीत मुलांसाठी पहिलं घर उघडलं. आज ते नाव कुणीही पाटीवर लिहून वाटेल तेवढी फी घेऊ शकतं. पण आपल्याच किनाऱ्यावर, डहाणू तालुक्यात बोर्डीला, १९४५ साली ताराबाई मोडकांनी खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ते काम वाढलं. माँटेसरींची पद्धत त्यांनी मनापासून घेतली. मात्र तिची साधनं महाग, गावात मिळण्यासारखी नव्हती. मग शिंपले, बिया, पानं, काटक्या, माती यांची साधनं केली. पाड्यावरची मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं दिसलं तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांमागे शाळा कुरणावर गेली. या बायका मुलांकडे बघत बघत पद्धत बदलत गेल्या. कणकवलीच्या त्या दहा मिनिटांत तुमच्या मुलाकडे कुणी तसं पाहिलं का? त्याला डझन विचारला का? चार डझनी पेटीत फळ मोठं आणि सहा डझनीत लहान का असतं, हे विचारलं असतं तर त्या माणसाला पोराने शिकवलं असतं.

पण डझन येतो म्हणून वाचन येतंच असंही नाही. तेव्हा खरी चाचणी घरी घ्या. मुलांचं वाचन-गणित तपासणारं 'असर'चं सर्वेक्षण देशभरात २००५ पासून गावोगाव होतं, त्याची रीत साधी आहे. मुलाला आधी पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद वाचायला द्यायचा; तो जमला तर दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट, नाही जमला तर सोपे शब्द, तेही नाही जमले तर अक्षरं. पाच मिनिटांचं काम आहे. पडवीत बसून द्या, पेपरासारखं नको. परिच्छेद अडखळत का होईना वाचला तर निवांत राहा. अक्षरांतच अडकला, तर काळजी करण्यासारखं आहे, आणि त्याला उपायही आहे: रोज अर्धा तास तुम्ही शेजारी बसा, बोट ठेवून मोठ्याने वाचा, मग त्याला वाचू द्या. तीन महिने. नीट ऐकू येत नाही, फळा दिसत नाही असा संशय आला तर शाळांत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. त्याचे पैसे पडत नाहीत.

इंग्रजीचं ओझं आत्ता डोक्यावर घेऊ नका. जाऊबाईंच्या मुलीच्या कानावर दिवसभर इंग्रजी पडतं, तुमच्या मुलाच्या कानावर मालवणी आणि मराठी. तो दोन भाषा बोलतो, हे कुणी मोजलंच नाही. मराठी वाचन पक्कं झालं की इंग्रजी त्याच पायावर उभं राहतं. पुढच्या गणपतीत दोघांना एकत्र बसवून एकच गोष्ट तिला इंग्रजीत आणि याला मालवणीत सांगायला लावा. जाऊबाईंनाही ते आवडेल.

शाळेचं काय? शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया लागतात. पुढच्या बैठकीला जा. गुरुजींना भांडायला नको, विचारायला जा: रोज वाचनाला किती वेळ मिळतो, कपाटातली गोष्टीची पुस्तकं मुलांच्या हातात येतात का, मी आठवड्यातून एक दुपार येऊन गोष्ट वाचून दाखवू का? अकरा मुलांच्या शाळेत एका आईची एक दुपार फार असते. मी हे होताना पाहिलं आहे.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं घ्या. तुमचे मिस्टर क्लासात वाढले नाहीत, पण आपसूकही वाढले नाहीत. तेव्हा घरात आजी होती, काकू होत्या, वाडीत वीस पोरं होती, रात्री भजन होतं. आज घरात तुम्ही चौघं आणि एक मोबाईल. म्हणून सासूबाईंनाच कामाला लावा. "आई, याला रोज रात्री तुमच्या लहानपणची एक गोष्ट सांगा," म्हणा, आणि ती त्याला दुसऱ्या दिवशी वहीत चार ओळींत लिहू द्या. मिस्टरांनाही 'तुला पटेल ते कर' म्हणून सुटू देऊ नका. हप्ता त्यांच्याही टेम्पोच्या भाड्यातून गेला असता. कर्जाची चौकशी दोघांनी मिळून करा.

तुम्ही विचारलंत, आई म्हणून कमी पडतेय का. तुम्ही मुलासाठी कणकवलीला गेलात, तिथे घाबरलात, आणि सगळे पैसे भरण्याआधी थांबून एका परक्या बाईला पत्र लिहिलंत. कमी पडणारी आई थांबत नाही.

आता एसटीतला प्रश्न. तो अजून त्याच्या मनात आहे. पोरं असं विचारून विसरत नाहीत, गप्प होतात. आज रात्री जेवणं झाली की त्याला जवळ घ्या आणि सांगा की तो लाल कागद तुझ्याबद्दल नव्हता, त्या लोकांना आपल्याला काहीतरी विकायचं होतं आणि आईही थोडी घाबरली होती. त्याच्याच बोलीत सांगा. आईही चुकते हे ऐकून मुलाला धीर येतो. तक्रारीसाठी लागला तर लागेल म्हणून तो कागद फाडू नका, पण त्याला दिसणार नाही असा ठेवा. मग त्याला विचारा, यंदा आपल्या कोणत्या कलमाला मोहोर आधी येईल असं तुला वाटतं? त्याचं उत्तर मला कळवा.